भंडाऱ्यावरचं बालंट

"भंडारा," पृथ्वीराज सर म्हणाले आणि खुर्चीला पाठ टेकून बसले. एवढ्या एका शब्दात त्यांनी राणीची चार वर्षं निकालात काढली.

लोणंदच्या कपॅसिटर कारखान्यातली बैठकीची खोली होती. टेबलावर दहा कपॅसिटर मांडलेले, काडेपेटीपेक्षा जरा मोठे. त्यातले चार धड, सहा पंक्चर. समोर कारखान्याचा मालक विश्वजीत, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. अलीकडं सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजातले पॉलिमरचे प्राध्यापक पृथ्वीराज सर, आणि त्यांच्या शेजारी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी राणी. कपॅसिटरच्या पोटात जी फिल्म गुंडाळली होती ती राणीनं बनवलेली.

"भंडारा म्हणजे?" विश्वजीतनं विचारलं.

"हळद हो, देवाची. खंडेनवमीला हिचे वडील आले होते प्रयोगशाळेत. भोळी माणसं. त्यांनी मशीनवर भंडारा उधळला. आता आपण नको कसं म्हणणार? श्रद्धेचा विषय." सरांनी मोबाइल काढून फोटो पुढं केला. "त्याच दिवशी दुपारी ही गुंडाळी ओव्हनमधून बाहेर काढली. हवेतली हळद तिच्यावर बसली. जिथं कण बसला तिथं फिल्म कमजोर, आणि तापवून व्होल्टेज दिलं की तिथंच भोक. सरळ आहे."

राणीनं फोटोकडं पाहिलं नाही. तो तिनं वीस वेळा पाहिला होता. पण सर म्हणत होते ते तिला खरं वाटत होतं.

आता हे काय प्रकरण आहे ते दोन शब्दांत सांगून टाकतो, नाहीतर शास्त्राच्या नावाखाली कुणीही काहीही खपवतं. विजेवरच्या गाडीत बॅटरी आणि मोटार यांच्या मधे एक पेटी असते, तिला इन्व्हर्टर म्हणतात. त्या पेटीत कपॅसिटर असतो. केसाहून पातळ प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा, आणि अशा दोन फिल्म एकावर एक घेऊन घट्ट गुंडाळल्या की झाला कपॅसिटर. मधलं प्लॅस्टिक वीज अडवून धरतं, त्याच्याच जिवावर सगळा कारभार. नेहमीचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गुणाचं आहे, पण शंभर-एकशेपाच डिग्रीच्या पुढं हात टेकतं. म्हणून गाडीत त्याला गार ठेवायची वेगळी सोय करावी लागते. राणीची फिल्म पॉलिइमाइडच्या जातीची, रंगानं मधासारखी पिवळी. ती दीडशे डिग्रीला मांडी घालून बसणारी होती. प्रयोगशाळेत वीतभर तुकड्यांवर तिनं ते चाळीस वेळा करून दाखवलं होतं. लोणंदला गेली ती पहिली मोठी गुंडाळी, आणि तिचे सहा कपॅसिटर दुसऱ्या तासालाच गेले.

"दहा दिवस देतो," विश्वजीत म्हणाला. "कारण लेखी द्या. फिल्मच कच्च्या गुणाची असेल तर इथंच थांबू. काळजी न घेतल्यामुळं झालं असेल, तर काळजी घेणारा माणूस बदला आणि दुसरी गुंडाळी पाठवा."

"माणूस बदलू," सर लगेच म्हणाले. राणी शेजारीच बसली होती.

लोणंद स्टेशनवर सांगलीकडच्या गाडीला वेळ होता. राणीनं फलाटावरूनच वडिलांना फोन लावला. भाऊसो जत तालुक्याच्या पूर्वेचा माणूस. निम्मं आयुष्य माडग्याळी मेंढरांमागं फिरण्यात गेलं, आता थोडी मेंढरं आणि थोडं डाळिंब. आपली लेक कसलं मशीन चालवते ते बघायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं. आणि अवजार बघायचं तर खंडेनवमीलाच, हेही त्यांचं पक्कं. त्या दिवशी मी लोणंदला असणार, पूजेआधी तिथलं गुंडाळायचं मशीन लावून द्यायचंय, असं राणीनं बजावलेलं त्यांनी कानाआड केलं होतं. लेक नसली तर नसली, मशीन तर असणार होतं.

"आबा, तुमाला भंडारा टाकायला कुणी सांगितलं हुतं?" राणी एकदम सुरू झाली. "तिथं धुळीचा कण चालत न्हाई. आमी डोक्याला टोपी घालून काम करतो तिथं. तुमी मूठभर हळद उधळून आला. सगळा माल गेला. चार वर्सं मातीत घातली माजी."

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.

"माज्यामुळं झालं?" भाऊसोंनी विचारलं.

"व्हय. तुमच्यामुळंच."

"बरं," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

दोन दिवसांनी सरांनी तिला खोलीत बोलावून कागद पुढं सरकवला. विश्वजीतला द्यायचं कारण टाइप होऊन तयार होतं: 'संशोधक विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे बाहेरील व्यक्तीने प्रयोगशाळेत प्रवेश करून हळदीसदृश पदार्थ उधळला व त्यामुळे फिल्म दूषित झाली.' खाली दोन सह्यांची जागा. सरांची झालेली होती.

राणीनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरील व्यक्ती म्हणे. त्या बाहेरील व्यक्तीला हाताला धरून आत कुणी नेलं होतं? राणी तर ऐंशी मैलांवर होती. 'या भाऊसो, तुमच्याच लेकीचं राज्य आहे,' असं म्हणून चहा कुणी पाजला होता? भाऊसोंनीच कौतुकानं ते सगळं फोनवर सांगितलं होतं. आणि फोटो काढायला लावून, 'श्रद्धा आणि विज्ञान' असं वर लिहून, कॉलेजच्या ग्रुपवर कुणी टाकला होता? तेव्हा साठ जणांनी हात जोडले होते त्या फोटोला. तेव्हा ती हळद पवित्र होती, आता हळदीसदृश पदार्थ झाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

"सर, हळद बसली हे कुणी तपासलं?" तिनं विचारलं.

"पिवळ्या फिल्मवर पिवळी हळद दिसणार कशी? तर्कानं कळतं ते."

"तर्कावर माझ्या बापाचं नाव लिहिलंत?"

"नाव कुठं लिहिलंय? बाहेरील व्यक्ती लिहिलंय," सर म्हणाले. "हे बघ राणी, सही कर आणि विषय संपव. फिल्मचं पुढचं काम दुसरं कुणी बघेल. तू जमलंय तेवढ्यावर प्रबंध लिही, मी पास करून घेतो. कशाला ताणतेस?"

"दोन दिवस द्या," राणी म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर आली.

तिच्या टेबलाच्या खणात एक पुडी होती. खंडेनवमीला भाऊसो तिच्यासाठी ठेवून गेलेले, बिरोबाचा भंडारा. ती पुडी बघूनच तिला आठवलं आणि आपल्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. हळद अतिनील दिव्याखाली चमकते. हिरवट पिवळी, काजव्यासारखी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे, आणि पीएचडीची बाई ते विसरून बापावर ओरडून मोकळी झाली होती.

रसायन विभागातून तिनं दिवा आणला. भर दुपारी पडदे लावून खोलीत अंधार केला. आधी चांगल्या फिल्मच्या तुकड्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि कापडानं पुसून काढला. साध्या डोळ्यांना काही दिसेना, पण दिव्याखाली पुसल्याच्या रेघा लखलख उठल्या. म्हणजे दिवा खोटं बोलत नव्हता. मग तिनं लोणंदहून आणलेले सहाही कपॅसिटर सोडवायला घेतले. कारखान्यात बावीस वर्षं गुंडाळायच्या मशीनवर बसणाऱ्या सुलाबाईंनी निघताना तिला ते कागदात बांधून दिले होते आणि म्हटलं होतं, "पोरी, फिल्म उलगडून बघ. ह्यो माल मला पैल्यापास्नं बरा लागला न्हाई." तेव्हा राणीचं लक्ष त्या बोलण्याकडं नव्हतं.

एकतीस भोकं सापडली. एकेका भोकाच्या कडेवर तिनं दिवा धरला, भिंगातून पाहिलं, वहीत लिहिलं. एकतिसांपैकी एकाही ठिकाणी काही चमकलं नाही. मुलामा न चढवलेला त्याच गुंडाळीचा शिल्लक तुकडा होता, तोही तिनं तसूतसूनं पाहिला. हळदीचा मागमूस नव्हता.

सर वही बघून म्हणाले, "बरं, मग दुसरं काय कारण आहे? सांग." राणीला ते सांगता येईना. "नाही ना सांगता येत? मग हेच राहू दे. कारण लेखी द्यायचंय, कोरा कागद चालत नाही."

राणी पुन्हा ओव्हनच्या नोंदवहीकडं गेली. ही फिल्म आधी काकवीसारखी पातळ असते. ती पट्ट्यावर ओततात, वाळवतात आणि मग गुंडाळी ओव्हनमध्ये पायरीपायरीनं तापवतात. शंभर, दोनशे आणि शेवटी तीनशे. तीनशेला पाच तास ठेवल्याशिवाय ती पिकत नाही, भाकरी तव्यावरून आरावर गेल्याशिवाय फुगत नाही तशी. खंडेनवमीला सकाळी सातला राणीनं स्वतः ओव्हनच्या काचेवर तीनशेचा आकडा पाहिला, वहीत लिहिला आणि आठाच्या आत स्टेशन गाठलं. त्याखाली सरांच्या अक्षरात होतं: 'दुपारी १२, तीनशे पूर्ण, बंद केला.' सगळं नियमानुसार. खोट काढायला जागाच नव्हती.

संध्याकाळी आईचा फोन आला. लीलाबाई सहसा फोन करत नसत, फोन केला की तक्रारच असे. "तू तुज्या बाला काय बोललीस गं? चार दिस झालं, मानूस कपाळाला भंडारा लावंना झालाय. देव्हाऱ्यातली पिशवी काढून फडताळात टाकलीया. विचारलं तर म्हनतो, आपल्या हातात काय तरी वंगाळ हाय."

राणीनं दुसऱ्या दिवशी सकाळची जतची एसटी धरली.

भाऊसो मेंढरं कोंडायच्या वाड्यापाशी बसून एकाच्या खुरातला काटा काढत होते. कपाळ कोरं. राणीनं जन्मात ते कपाळ असं पाहिलं नव्हतं. आंघोळ चुकेल, न्याहारी चुकेल, पण भंडारा चुकायचा नाही असा माणूस. तिनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या बोलायला लागली, बसली असती तर रडली असती.

"आबा, माजं चुकलं. भंडाऱ्यानं काय झालं न्हाई. मी दिव्याखाली घालून बगितलं. फिल्मवर कण न्हाई हळदीचा."

"मला ठावं हुतं," भाऊसो म्हणाले. काटा निघाला, त्यांनी मेंढरू सोडलं. "देवाचं कवा वाईट हुतं व्हय? पर तू म्हणलीस. तू शिकलेली. तू म्हणलीस तर तसंच आसंल म्हणून मी देवाला बाजूला ठेवला."

चार वर्षं तिनं फिल्म तपासली होती, मिनिटाला दहा आकडे लिहिले होते, आणि बापाला गुन्हेगार ठरवताना एक आकडासुद्धा मागितला नव्हता. सरांचा राग येत होता तो येतच होता, पण आता त्यात तिचा स्वतःचाही वाटा होता.

"मग आता लावा की भंडारा," ती कशीबशी म्हणाली.

"न्हाई. त्या सरांनी चारचौघात म्हणलंय न्हवं? चारचौघातच माघारी घिऊ दे. तवा लावीन. तवर बिरोबा थांबंल."

लीलाबाईंनी चहा आणला. राणीनं कप धरला तशी तिची बाही वर सरकली आणि उजव्या मनगटावरचा दोन बोटं रुंद डाग दिसला. ओव्हन जुना होता, दाराच्या आतली गादी झिजलेली. आत तीनशे असलं की बाहेरून दाराला नुसता हात लागला तरी कातडी सोलून निघे. दोन वर्षांपूर्वी तिला तसा चटका बसला होता.

भाऊसो त्या डागाकडं बघून हसले. "तू म्हणायचीस, लय खवीस दार हाय त्ये. मला काय न्हाई केलं बग त्येनं. कपाळ टेकलं चांगलं, नाक घासलं, गार. म्हणलं, बिरोबा पावला. लेकीला चटका दिला पर बाला न्हाई दिला."

राणीनं कप खाली ठेवला.

"गार? आबा, कवा टेकलं कपाळ?"

"पूजेला की. अकरा वाजलं आस्तील. सर म्हणाले, टेका भाऊसो, फोटू काढाया लावतो."

राणीनं मोबाइल काढला. कॉलेजच्या ग्रुपवरचा फोटो, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं. फेट्यातले भाऊसो, ओव्हनच्या दाराला कपाळ लावलेलं, डोळे मिटलेले. शेजारी नारळ धरून सर, हसतमुख. आणि दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूची माळ. टवटवीत. एक पाकळीसुद्धा मान टाकलेली नव्हती. बारा वाजेपर्यंत तीनशे डिग्रीवर होता म्हणे ओव्हन, आणि त्याच्या दारावर झेंडू हसत होता. वर तापमानाचा आकडा उजळणारी काच होती, ती काळी होती.

वीस वेळा पाहिला होता तिनं हा फोटो. प्रत्येक वेळी बापाकडं पाहिलं होतं. ज्या दारानं स्वतःचं मनगट भाजलं त्या दाराकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"काय झालं गं?" लीलाबाईंनी विचारलं.

"पूजेसाठी ओव्हन बंद केला, आये. फिल्म आत हुती. निम्मी-कच्ची फिल्म," राणी म्हणाली, आणि मग तिनं पृथ्वीराज सरांना उद्देशून जतकडचा एक असा शब्द वापरला की लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. भाऊसो मात्र नको म्हणाले नाहीत.

दहाव्या दिवशी लोणंदला पुन्हा तीच खोली, तेच टेबल. सरांनी आपला टाइप केलेला कागद काढला. "हिची सही राहिलीय फक्त," ते म्हणाले.

"माझी सही होणार नाही," राणी म्हणाली. "विश्वजीत सर, सुलाबाईंना पाच मिनिटं बोलवाल का?"

सुलाबाई मशीनवरून उठून आल्या, डोक्याला कापडी टोपी तशीच. राणीनं त्यांना एकच विचारलं, की माल बरा लागला नाही म्हणजे काय.

"वलसर लागला," सुलाबाई म्हणाल्या. "चांगली फिल्म बोटावरनं सर्रकन सुटती. ही धरत हुती, कच्च्या भाकरीवानी. म्या सुपरवायझरला म्हणलं, त्यानं सायबांच्या कानावर घातलं. सायब म्हणाले, नवा माल हाय, आसंल तसा."

विश्वजीतनं मान खाली घातली. "म्हणालो होतो," तो म्हणाला. निदान तेवढं कबूल करायची लाज त्याला होती.

मग राणीनं एकतीस भोकांची वही ठेवली, शेजारी नोंदवहीच्या पानाची प्रत ठेवली, आणि त्यावर फोटो ठेवला, मोठा करून छापून आणलेला. सर परवापर्यंत पुरावा म्हणून नाचवत होते तोच फोटो.

"सर, नोंदवहीत तुम्ही लिहिलंय, बारापर्यंत तीनशे. हा फोटो अकराचा. तीनशेच्या दारावर झेंडूची माळ किती मिनिटं टिकते? माझं मनगट अर्धा सेकंद टिकलं नव्हतं."

विश्वजीतनं फोटो उचलला. बराच वेळ बघितला. मग सरांकडं बघून विचारलं, "ओव्हन कधी बंद केलात?"

सरांनी टाइप केलेला कागद आपल्याकडं ओढून घेतला. मग म्हणाले, "मुहूर्त साडेदहाचा होता. तापल्या ओव्हनला हार कसा घालणार? प्राचार्य येणार होते पूजेला."

"कधी बंद केलात?"

"आठच्या सुमारास. दार उघडून ठेवलं होतं थोडं, गार व्हायला. एक-दोन तासांनी असा काय फरक पडतो, असं वाटलं मला. मुद्दाम कोण करतं?"

"चार तास, सर," राणी म्हणाली. "पाचातला एक मिळाला, चार गेले. तुम्हीच शिकवलंत मला, की शेवटची पायरी अर्धवट राहिली तर फिल्मची साखळी पुरती जुळत नाही, आत पाणी धरून राहते आणि तापली की तिथंच फुटते. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत आहे, तुमच्या तोंडचं वाक्य. चूक झाली तर झाली. मलाही होते. मी असते तर मीही कदाचित पूजेला नाही म्हटलं नसतं. पण बारा वाजता बंद केला असं खोटं लिहिलंत. आणि माल फुटल्यावर तुम्हाला आठवलं कोण, तर माझा बाप. दुसऱ्याच्या घरी हात जोडून उभा राहणारा माणूस बरा सापडला खापर फोडायला. तुमच्या नारळाचं पाणी उडालं नाही फिल्मवर, तुमचा कापूर, तुमची उदबत्ती, त्यांची राख नाही बसली. फक्त धनगराच्या हळदीनंच भोकं पडली."

सुलाबाईंनी टोपी काढून हातात घेतली होती.

"झालं ते झालं," सर शेवटी म्हणाले. "बोलणं झालं, समजलं. आता लेखी कशाला? 'तांत्रिक कारण' असं लिहू."

"आधीचं कारण तर तुम्ही टाइप करून आणलं होतंत," विश्वजीत म्हणाला आणि खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "हेही लिहा. त्याशिवाय दुसरी गुंडाळी मी घेणार नाही."

सरांनी लिहिलं. खंडेनवमीच्या पूजेसाठी मी ओव्हन सकाळी आठला बंद केला, नोंद चुकीची केली, फिल्म अपुरी तापली. राणी उभं राहून वाचत होती. "अजून एक ओळ," ती म्हणाली. "श्री. भाऊसो यांनी वाहिलेल्या भंडाऱ्याचा यात काही दोष नाही." सरांचा हात थांबला. राणी हलली नाही. त्यांनी तीही ओळ लिहिली आणि सही केली.

गाडीत बसल्यावर राणीनं त्या कागदाचा फोटो काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर जाऊन 'श्रद्धा आणि विज्ञान' शोधून काढून बरोबर त्याच्याच खाली टाकला. पहिल्या वेळी साठ जणांनी हात जोडले होते. या वेळी एकानंही काही लिहिलं नाही. पण वाचलं सगळ्यांनी, ते मोबाइल दाखवतो. मग तिनं भाऊसोंना फोन लावून ती शेवटची ओळ वाचून दाखवली.

"परत वाच," ते म्हणाले. तिनं परत वाचली. पलीकडून लीलाबाईंना मोठ्यानं हाक गेली, "फडताळातली पिशवी काड गं."

दुसरी गुंडाळी महिन्यानं ओव्हनमध्ये गेली. तिचे दहा कपॅसिटर पुढं लोणंदला दीडशे डिग्रीवर शंभर तास बसले आणि दहाही धड निघाले. हे आत्ताच सांगतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण गोष्ट संपली ती गुंडाळी आत असतानाच.

त्या सकाळी राणीनं भाऊसोंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पायताणं बाहेर काढून, डोक्याला कापडी टोपी घालून ते आत आले. टोपीखाली कपाळ पिवळंजर्द होतं. काचेवर तीनशेचा आकडा होता. त्यांनी हातभर लांबूनच दाराकडं तळवा केला आणि झटकन मागं घेतला.

"आता तापलंय खरं," ते म्हणाले. त्यांनी लांबूनच हात जोडले. पिशवीत दोन बोटं घातली, ओव्हनकडं पाहिलं, आणि चिमूट राणीच्या कपाळाला लावली.

तेवढ्यात सर आत आले. त्या दिवसापासून ते राणीशी जरा जास्तच गोड बोलत होते. "अरे वा, भाऊसो. या, या," ते म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीनं मोबाइलकडं गेला. "उभे राहा दोघं, एक फोटो होऊन जाऊ दे."

"फोन खिशात ठेवा, सर," राणी म्हणाली.

सरांनी फोन खिशात ठेवला.

"आणि जाताना दार ओढून घ्या. धूळ आत येते."